तेरा तारे, चौदा स्टिकर: आमच्या सोसायटीतल्या झेंड्याचं प्रकरण

माझं बडोद्यात रावपुऱ्यात रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेट, गाड्यांवरची नावं, काचेवरचे देव, दुकानांचे बोर्ड, जोडीला थोडं फ्लेक्सचं काम, बावीस वर्षं झाली. राहायला आम्ही दांडिया बाजारच्या मागे एका जुन्या सोसायटीत, चाळीस घरं, निम्म्याहून जास्त मराठी, बाकी गुजराती आणि दोन बंगाली. हे सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतोय कारण त्यातली वस्तू माझ्याच कटरवर कापली गेली आणि कापताना मला ती काय आहे ते माहीत नव्हतं.

झालं असं की गणपतीच्या तीन आठवडे आधी सोसायटीतली पोरं दुकानात आली. सात जणांचा बाइक ग्रुप आहे, सगळे बुलेटवाले, रविवारी पावागड नाहीतर केवडिया. पोरं चांगली आहेत, कुणाच्या घरी रात्री दोनला माणूस सिरियस झालं तर हीच उठतात. मोबाइलवर डिझाइन दाखवलं, लाल बेस, त्यावर पांढऱ्या कडेची निळी फुली आणि फुलीवर पांढरे तारे. म्हणाले काका हा रिबेल फ्लॅग आहे, बंडखोरांचा, एका जुन्या अमेरिकन सिरियलमधल्या गाडीच्या छपरावर असतो, टाकीवर दोन्ही बाजूंना पाहिजे. मला डिझाइन आवडलं, खोटं कशाला बोलू. असल्या कामात तारे फार त्रास देतात, बारीक तारा असला की फालतू व्हिनाइल चिमट्याने काढताना टोक उचलून येतं आणि अख्खा तारा वाया जातो, म्हणून मी एकेक मोजून बसवला, एका स्टिकरवर तेरा. सात गाड्या, चौदा स्टिकर, १८२ तारे. वर एक चार बाय तीनचा सॅटिनवर प्रिंट करून दिला, राइडला काठीवर लावायला.

रविवारी राइड झाली, परत आल्यावर पोरांनी तो कापडी झेंडा सोसायटीच्या गेटच्या जाळीला बांधला, बाजूलाच गणपतीच्या मांडवाचे बांबू उभे राहत होते. कोणी काही बोललं नाही, मीही रोज त्याच्याखालून स्कूटर काढत होतो. मांडवाच्या मुहूर्ताचा नारळ फोडतानाचा फोटो सगळ्यांनी आपापल्या नातेवाईकांना पाठवला, त्यात मागे तो झेंडा मस्त फडफडताना आलेला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात, त्यांची मुलगी अटलांटाला असते, जॉर्जिया राज्यात. जावई तिथलेच, काळे आहेत, आफ्रिकन अमेरिकन. लग्नाच्या वेळी काकूंना खूप ऐकून घ्यावं लागलं होतं नातेवाईकांचं, आता कोणी बोलत नाही. सात वर्षांचा नातू आहे. ती तिघं यंदा पहिल्यांदाच गौरी-गणपतीला बडोद्याला येणार होती, तिकिटं झालेली, काकूंनी नातवासाठी पितांबरसुद्धा शिवून आणलेला. त्या रात्री मुलीचा फोन आला. काकू सकाळी सातला माझ्या दारात उभ्या, फोन हातात, म्हणाल्या तूच बोल तिच्याशी, मला नीट समजेना.

ती म्हणाली, "दादा, तो झेंडा आपल्या गेटवर कोणी लावला?" मी म्हणालो अगं पोरांनी, फॅशन म्हणून, इथे कुणाला काय माहितीये त्याचं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "इथे आम्ही मुलाला शिकवलंय की ज्या घरावर हा झेंडा असेल त्या घराची बेल वाजवायची नाही. आता तो आजीच्या गेटवर आहे, तर मी त्याला काय सांगू?"

मला उत्तर सुचलं नाही. काकूंनी फोन परत घेतला आणि जिना चढून गेल्या, मी खाली गेलो आणि कुणाला न विचारता तो कापडी झेंडा सोडवून घडी करून दुकानात नेला. पोरं भडकली. साहजिक आहे, पैसे त्यांनी दिलेले आणि मीच बनवून दिलेला. संध्याकाळी ग्रुपचा मोठा पोरगा आला, म्हणाला काका आमच्या मनात कुणाबद्दल काही नाही, मग अर्थ आम्ही ठरवायचा का अटलांटावाल्यांनी? मी म्हणालो मला दोन-तीन दिवस दे, आधी वाचतो मग बोलतो. तीन रात्री वाचत बसलो, जे सापडलं ते इथे सांगतो कारण त्याच्याशिवाय पुढची मीटिंग समजणार नाही.

अमेरिकेत १८६० साली साधारण ४० लाख माणसं गुलाम होती, विकत घेतलेली, पोरंबाळं वेगळी विकली जाणारी. लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला तशी दक्षिणेकडची राज्यं फुटायला लागली, एकूण अकरा, आणि त्यांनी वेगळा देश काढला, कॉन्फेडरेसी, मग उरलेल्या अमेरिकेशी युद्ध पेटलं, आणि हा झेंडा त्या कॉन्फेडरेसीच्या फौजेचा. तारे तेरा का हा माझा प्रश्न होता, तर केंटकी आणि मिसूरी ही दोन राज्यं पण आपलीच असं धरून तेरा केले. आता ती राज्यं का फुटली यावर लोक आजही वाद घालतात, कोणी म्हणतं राज्यांचे हक्क, कोणी म्हणतं कर. पण फुटणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मिसिसिपीच्या ठरावात सरळ आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. आणि त्या देशाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हॅनाच्या सभेत म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच आमच्या सरकारचा कोनशिला-दगड आहे. सव्हॅना म्हणजे जॉर्जियातच, काकूंची मुलगी राहते त्याच राज्यात.

गंमत अशी वाटली, म्हणजे विचार करायला लावणारी, की हा झेंडा त्या देशाचा राष्ट्रध्वज नव्हताच. पहिला राष्ट्रध्वज वेगळा, तीन आडवे पट्टे आणि कोपऱ्यात ताऱ्यांचं वर्तुळ, आणि तो अमेरिकेच्या झेंड्यासारखाच दिसायचा म्हणून जुलै १८६१ च्या बुल रनच्या लढाईत धुरात आपले कोण परके कोण कळेना. मग विल्यम पोर्चर माइल्स नावाच्या माणसाचं फुलीचं डिझाइन, जे राष्ट्रध्वज म्हणून नाकारलं गेलं होतं, ते लढाईचा झेंडा म्हणून घेतलं. मी धंद्यातला माणूस, मला हे लगेच पटलं, लांबून ओळखू यायला फुलीसारखं काही नाही.

१८६५ ला दक्षिण हरली, झेंडा गुंडाळला गेला. त्यांचा सेनापती रॉबर्ट ली, त्यानेच पुढे लिहिलं की युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत. पुढची बरीच वर्षं हा झेंडा जास्त करून म्हाताऱ्या सैनिकांचे मेळावे, कबरी, स्मारकं इथे दिसायचा, आणि इथपर्यंत मला त्या लोकांबद्दल वाईटच वाटतं, कुणाचा तरी पणजोबा मेलेला असतो, त्याची आठवण माणूस काढणारच. पण परत तो मोठ्या प्रमाणात बाहेर कधी आला बघा. १९४८ ला, काळ्यांना हक्क देऊ नका म्हणून जो पक्ष फुटला त्याच्या सभांमध्ये. १९५४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळांमध्ये काळी-गोरी पोरं वेगळी बसवता येणार नाहीत, आणि १९५६ ला जॉर्जियाने ही फुली आपल्या राज्याच्या झेंड्यात घातली. साउथ कॅरोलिनाने १९६१-६२ ला विधानभवनाच्या घुमटावर चढवला, ऐन हक्कांच्या चळवळीच्या काळात. कू क्लक्स क्लानवाले, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची टोळी, तो घेऊन रस्त्यावर. म्हणजे पणजोबाची आठवण येण्याचा मुहूर्त दर वेळी तोच कसा, शेजारचा माणूस बरोबरीने बसायला आला की! हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मला ते १८२ तारे आठवून पोटात कसंतरी झालं.

मग २०१५. १७ जूनला साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या, याच झेंड्यासोबतचे त्याचे फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी देशाचा आणि राज्याचा झेंडा अर्ध्यावर उतरवला, हा मात्र, तोवर घुमटावरून विधानभवनासमोरच्या खांबावर आलेला, पूर्ण उंचीवर, कारण त्याला हात लावायलासुद्धा विधिमंडळाची परवानगी लागत होती. २७ जूनला ब्री न्यूसम नावाची बाई खांबावर चढली आणि तिने तो काढला, खाली उतरताच अटक, आणि झेंडा थोड्या वेळात परत वर. शेवटी १० जुलैला कायदा करून काढला, तेव्हा गव्हर्नर निकी हेली, म्हणजे पंजाबी आईबापांची मुलगी. मिसिसिपीने २०२० ला आपल्या राज्याच्या झेंड्यातून काढला.

अजून एक गोष्ट, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जॉर्जियाने २००१ ला फुली जवळजवळ काढून टाकली आणि २००३ ला जो नवा झेंडा केला तो बराचसा त्या पहिल्या राष्ट्रध्वजावरून केलाय, पट्टे आणि वर्तुळातले तारे. म्हणजे कॉन्फेडरेसीच्या पहिल्या सरकारी झेंड्यासारखाच झेंडा आज त्यांच्या ऑफिसांवर आहे आणि त्यावर या फुलीएवढं रान कधी उठलं नाही. का? कारण तो घेऊन कोणी कुणाच्या दारात जाळपोळ करायला गेलं नाही. त्यामुळे माझं मत असं झालं की झेंड्याचा अर्थ बनवणाऱ्याच्या मनात फार थोडा असतो, तो घेऊन कोण कुणाच्या दारात गेलं त्यात जास्त असतो.

तर मीटिंग. गच्चीवर घेतली, पंचवीसेक माणसं, काकूंना मुद्दाम नव्हतं बोलावलं पण त्या आल्या आणि पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची घेऊन बसल्या. मी वाचलेलं सगळं सांगितलं. पहिला आवाज आला तो एका वडीलधाऱ्यांचा, अमेरिकेचं भांडण आहे, आपण कशाला डोक्यावर घ्यायचं. याला उत्तर आमच्या सरांनी दिलं, मराठी शाळेतून रिटायर झालेत. म्हणाले त्या भांडणाचे पैसे आपल्याच भागात आले होते हो. लिंकनने दक्षिणेची बंदरं अडवली तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग भरूचचा, खानदेशाचा, वऱ्हाडाचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, खंडेराव महाराजांचं राज्य होतं तेव्हा इथे, आणि १८६५ ला युद्ध संपलं तशी मुंबईचा शेअरबाजार कोसळला. आणि त्याच युद्धातून गुलाम सुटले म्हणून जोतिराव फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ पुस्तक अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलाम सोडवायला स्वतःची झीज सोसली. मराठीत या विषयावर बाजू दीडशे वर्षांपूर्वी घेऊन झालीये, सर म्हणाले, आपण नव्याने काही ठरवत नाही.

सरांनी मग बाबासाहेबांचं काढलं, आणि बडोद्यात ते निघाल्याशिवाय हा विषय पूर्ण होतच नाही. १९१३ ला सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले, १९१७ च्या सप्टेंबरात कबूल केल्याप्रमाणे नोकरीला इथे आले, आणि या आपल्या शहरात त्यांना कोणी खोली दिली नाही. पारशी उतारूंच्या ठिकाणी राहिले तर तिथूनही लोकांनी हाकललं. सयाजीबागेत ते झाडाखाली बसले ती संकल्पभूमी आपण बघतो, माळा घालतो. पुढे १९४६ ला त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे मोठे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं, दोघांची दुःखं जवळची आहेत म्हणून. सर एवढंच बोलून बसले, गच्ची एकदम शांत होती.

मग मोठ्या पोराने तो प्रश्न विचारला जो मला आधीपासून अपेक्षित होता. काका, मग स्वस्तिक? जर्मनीत नाझींचं स्वस्तिक दाखवणं कायद्याने गुन्हा आहे, ज्यू माणूस सोसायटीत आला तर दारावरचं स्वस्तिक पुसायचं का? प्रश्न बरोबर होता आणि पोराने तो खिजवायला विचारला नव्हता. मी म्हणालो बाळा, तुझ्या आजीने रोज उंबऱ्यावर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक आणि काळं तिरकं लाल कापडावरचं ते, या दोन्हींच्या मागे वेगवेगळी माणसं आहेत. आपल्या स्वस्तिकाला आपल्याकडचं हजारो वर्षांचं आयुष्य आहे, ते घेऊन आपण कुणाला मारायला गेलो नाही. ज्यू पाहुणा आला तर त्याला बसवून सांगेन, पुसणार नाही. पण या फुलीला आपल्याकडचं आयुष्य काय? तीन आठवड्यांचं, माझ्या दुकानातून सुरू झालेलं. तिथलं आयुष्य दीडशे वर्षांचं आहे, मग कुठलं मोठं धरायचं?

पोरगा म्हणाला म्हणजे समोरच्याला वाईट वाटलं की आपण काढायचं, उद्या कोणी भगव्यावर बोललं तर? आता गच्ची तापली, दोघंतिघं एकदम उठले. तेव्हा बंगाली काका बोलले, रिफायनरीतून रिटायर झालेत, तीस वर्षं बडोद्यात, मराठी आपल्यासारखंच बोलतात. म्हणाले, मी लहान असताना आजी मला झोपवायची तेव्हा सांगायची झोप, नाहीतर बोर्गी येतील. बोर्गी म्हणजे तुमचे बारगीर, मराठा फौजेतले घोडेस्वार. १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये येत होत्या, भास्करराम कोल्हटकर वगैरे, गावं जळली, आमच्याकडे अजून पाळण्यात ते गातात. मी बडोद्याला बदली झाली तेव्हा आईने विचारलं होतं, बोर्गींच्या गावात राहणार? आणि मी गेली तीस वर्षं तुमच्या गणपतीत भगव्याखाली उभा राहून आरती म्हणतोय, कारण इथे कोणी मला तो भगवा घाबरवायला दाखवला नाही. ज्या दिवशी कोणी माझ्या दारासमोर मला दाखवायला म्हणून नाचवेल त्या दिवशी मला आजी आठवेल.

खरं सांगतो, मला हे माहीत नव्हतं. पन्नाशी उलटली, शिवजयंतीचे शेकडो झेंडे छापले, भगव्यासमोर मान आपोआप झुकते आणि झुकत राहील, पण बंगालमधल्या एका आजीला त्याच घोडेस्वारांची भीती वाटायची हे मला माझ्या शेजाऱ्याने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. नंतर कोणी आवाज चढवला नाही. काकू तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या, उठताना फक्त म्हणाल्या, "माझा नातू तुमच्या पोरांच्या गाडीवर बसायचं म्हणतोय, व्हिडिओ कॉलवर बुलेट बघून ठेवल्यात त्याने."

ठरलं ते असं. गेट सगळ्यांचं आहे, गेट बोलतं ते चाळीस घरांच्या नावाने बोलतं, म्हणून गेटवर तिरंगा आणि सणाला भगवा, तिसरं काही लावायचं असेल तर आधी कमिटीला विचारायचं. गाडी ज्याची त्याची. स्वतःच्या टाकीवर काय ठेवायचं ते पोरांनी ठरवावं, जबरदस्ती नाही. हा फरक मला अमेरिकेच्याच वाचनातून मिळाला, तिथे माणसाने आपल्या घरावर झेंडा लावला तर सरकार काढू शकत नाही, भांडण पेटतं ते सरकारी खांबावरून, कारण तो खांब काळ्या माणसाच्या करातूनही उभा असतो. काही जणांना हे ढिलं वाटलं, म्हणाले सरळ बंदी घाला. मला नाही पटलं, बंदी घातली असती तर पोरांनी स्टिकर पार्किंगमध्ये झाकून ठेवले असते आणि मनातून त्या मुलाच्या बापावर राग धरला असता.

सहा जण दुसऱ्या दिवशीच आले. मी दुकानाबाहेर गाड्या लावून हेअर ड्रायरने स्टिकर गरम करून एका कोपऱ्यापासून हळूहळू सोलले, मग उरलेला गम रॉकेलच्या फडक्याने, पैसे घेतले नाही. टाकीवर थोडा वेळ फुलीचा आकार राहतो, उन्हात बाकीचा रंग किंचित उतरलेला असतो म्हणून, पॉलिश मारलं की जातो. कापडी झेंडा मी कातरीने चिरला, चिंध्यांच्या गठ्ठ्यात टाकला, आणि कॉम्प्युटरवरची कोरलमधली डिझाइनची फाइल डिलीट केली.

गौरी आल्या त्या दिवशी ती तिघं आली. नातू पितांबर नेसून दोन दिवस बुलेटच्या टाकीवर बसून सोसायटीला चकरा मारत होता. जावई विसर्जनाच्या आधी माझ्या दुकानात आले, सोबत काकूंची मुलगी, ती मराठीत सांगत होती. मी हात जोडले, म्हणालो मीच कापलं होतं. ते म्हणाले तुम्हाला माहीत नव्हतं हे मला दिसतंय. मग सांगितलं की त्यांच्या लहानपणी शाळेसमोरच्या खांबावर राज्याचा झेंडा म्हणून हीच फुली असायची, रोज सकाळी त्याच्याखालून आत जायचं, आणि बाप म्हणायचा वर बघू नको, दाराकडे बघ. आजही हायवेवर एखाद्या ट्रकवर हा झेंडा दिसला की विचार करायच्या आधी हात लेन बदलतो. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांना सयाजीबागेत संकल्पभूमीला नेलं, तिथे ते बराच वेळ काही न बोलता उभे होते असं सर सांगत होते.

सातवा पोरगा राहिला. त्याने स्टिकर काढला नाही, म्हणाला मला पटलं नाही पण भांडायचंही नाही, आणि कुठून तरी वरून काळं मॅट व्हिनाइल मारून आणलं. कोणी काही बोललं नाही त्याला, ठरलं होतंच तसं. पण व्हिनाइलवर व्हिनाइल बसत नाही, खालच्याच्या कडा वर येतात. गाडी दुपारी पार्किंगच्या उन्हात असली की काळ्याखालून फुलीची धार दिसते आणि बोट फिरवलं तर तारे लागतात. परवा भेटला तेव्हा मी त्याला सांगितलं, ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत ये, दोन थर आहेत, अर्धा तास लागेल.